धुरावरचा पोर्क: गैरसमज आणि वस्तुस्थिती

शिकागोच्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्समधल्या जॉर्ज स्टीफनने १९५२ मध्ये पाण्यावर तरंगणाऱ्या बोयाच्या धातूच्या अर्धगोलांपासून गोल, झाकणाची शेगडी बनवली. तीच आजची केटल ग्रिल. अमेरिकेतल्या परसदारी तिच्यावर बर्गर कुणीही भाजतं. तीन-चार किलोचा पोर्कचा खांदा धुरावर शिजवायचा म्हटलं, की चुकीचे सल्ले सुरू होतात.

गैरसमज : केटलमध्ये मंद आच टिकत नाही, वेगळा स्मोकरच हवा.
वस्तुस्थिती : टिकते. ब्रिकेटची दुहेरी रांग कडेने अर्धवर्तुळात लावायची, वर लाकडाचे तुकडे ठेवायचे आणि एका टोकाला थोडे पेटते निखारे. रांग उदबत्तीसारखी पुढे पुढे जळत जाते. मांस रिकाम्या बाजूला. वरची झडप उघडी ठेवून खालची कमी-जास्त केली, की आतलं तापमान ११० ते १२० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं. इथे आच राखायची म्हणजे हवा राखायची. सारखं झाकण उघडून बघितलं तर उष्णता जातेच, शिवाय हवा मिळून निखारे भडकतात.

गैरसमज : धूर जितका दाट, तितकी चव जास्त.
वस्तुस्थिती : दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड नीट जळत नाही, त्याने मांस कडवट होतं. हवा तो पातळ, निळसर धूर. लाकूड भिजत घालूनही फायदा नाही. पाणी आत फारसं मुरत नाही आणि ते उडून जाईपर्यंत धूर लांबतो.

गैरसमज : तापमान अडलं म्हणजे विस्तव कमी पडला.
वस्तुस्थिती : मांस आतून ६५-७० अंशांवर आलं, की थर्मामीटरचा आकडा कधीकधी तासन्‌तास हलत नाही. बरेच जण घाबरून कोळसा वाढवतात. काही जण म्हणतात, चरबी वितळण्यात उष्णता खर्च होते. भौतिकशास्त्रज्ञ ग्रेग ब्लाँडर यांनी ओला स्पंज आणि चरबीचा गोळा तापवून पाहिला: तापमान अडलं ते स्पंजचं, चरबीचं नाही. म्हणजे कारण बाष्पीभवन. मांसाला घामच फुटतो आणि तो त्याला थंड ठेवतो. मांस फॉइलमध्ये घट्ट गुंडाळलं, की बाष्पीभवन थांबून आकडा पुन्हा चढतो. मात्र वरची खरपूस साल थोडी मऊ पडते.

गैरसमज : गुलाबी दिसलं म्हणजे कच्चं.
वस्तुस्थिती : धुरातल्या वायूंची मांसातल्या मायोग्लोबिनशी प्रक्रिया होऊन कडेला गुलाबी पट्टा उमटतो. तो कच्चेपणाची खूण नाही. अखंड पोर्कसाठी अमेरिकी कृषी खात्याने २०११ पासून ६३ अंश आणि वर तीन मिनिटांची विश्रांती पुरेशी मानली आहे. पण एवढ्यावर खांदा खाण्यायोग्य झाला तरी चिवट राहतो. त्यातल्या कोलॅजनचं जिलेटिन व्हायला वेळ लागतो, म्हणून तो ९०-९५ अंशांपर्यंत नेतात.

गैरसमज : किलोला अमुक तास, असा हिशेब चालतो.
वस्तुस्थिती : दोन सारख्या वजनाच्या खांद्यांना वेगवेगळा वेळ लागू शकतो. थर्मामीटरची सुई लोण्यात शिरावी तशी शिरली आणि हाड हाताने सुटून आलं, की झालं. पाहुणे सातला येणार असतील तर पाचचा हिशेब धरावा. लवकर झालं तर फॉइल आणि टॉवेलात गुंडाळून रिकाम्या आइसबॉक्समध्ये ठेवावं. दोन तास सहज गरम राहतं.