हँडलचं तोंड आणि जिभेचा उतार
दार-खिडकी : लेखांक 7

मागच्या आठवड्यात बिजागऱ्या झाल्या. बिजागऱ्या चौकटीच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेल्या, जुन्या खाचा बुजवल्या, लांबी भरली, दार नव्या अंगाने टांगलं, इथवर आपण आलो होतो. आता कुलूप दुसऱ्या कडेला बसवायचं, आणि हँडलं लावायला घेतली की ती भलतीकडे तोंड करतात. सुतार शांतपणे सांगतो, ‘नवा सेट आणा, हा राइटचा आहे.’ पुष्कळदा त्या नव्या सेटची काहीएक गरज नसते.

आडव्या दांड्याचं हँडल नेहमी बिजागरीकडे तोंड करून असतं. हा काही शोभेचा नियम नव्हे. दाराच्या कडेपासून हँडलच्या सळईपर्यंतचं अंतर, ज्याला दुकानात बॅकसेट म्हणतात, ते साधारण 45 ते 60 मिलिमीटर असतं. दांडा असतो 120-130 मिलिमीटर लांब. समजा बॅकसेट 55 आणि दांडा 125. असा दांडा कडेकडे वळवला तर तो दाराच्या बाहेर 70 मिलिमीटर डोकावणार, चौकटीवर आपटणार, आणि मध्ये कुणाची बोटं असली तर ती चेंगरणार.

आता गंमत पाहा. पॅसेजमध्ये उभं राहून बिजागऱ्या डावीकडे दिसत असतील, तर पॅसेजच्या बाजूचं हँडल डावीकडे तोंड करील. आत जाऊन पाहिलं तर त्याच बिजागऱ्या उजवीकडे, म्हणून आतलं हँडल उजवीकडे. म्हणजे प्रत्येक दारावर एक डावं आणि एक उजवं हँडल असतंच. बिजागऱ्या उजवीकडे नेल्या तर पॅसेजला उजवं लागेल आणि आत डावं. तीच जोडी, फक्त बाहेरचं आत आणि आतलं बाहेर. बेडरूमच्या दाराला, जिथे हँडलांखालच्या दोन्ही पट्ट्या सारख्याच असतात, तिथे हँडलांची अदलाबदल केली की काम संपलं. एक पेचकस आणि अर्धा तास पुरतो.

मग ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ अशी खोकी का विकतात? कारण काही जोड्यांत आतलं आणि बाहेरचं सारखं नसतं. बाथरूमच्या सेटमध्ये आतल्या पट्टीवर कडी लावायचा खटका असतो आणि बाहेरच्या पट्टीवर नाण्याने फिरवता येईल अशी चीर, आत कुणी अडकलं तर बाहेरून उघडता यावं म्हणून. यांची अदलाबदल केली तर खटका पॅसेजमध्ये येईल आणि घरातलं शेंडेफळ दर रविवारी कुणाला ना कुणाला आत कोंडेल. मुख्य दाराचंही तसंच. चांगल्या सेटमध्ये दोन्ही पट्ट्या आरपार स्क्रूंनी जोडलेल्या असतात आणि स्क्रूंची डोकी फक्त आतल्या बाजूला येतात. अदलाबदल केली की तीच डोकी जिन्याकडे. चोराला आमंत्रणच ते. तेव्हा बाथरूम आणि मुख्य दार इथे पट्टी जागची हलवायची नाही, तिच्यावरचा दांडा फिरवायचा.

दांड्याच्या मानेखाली, जमिनीकडच्या अंगाला, बोट फिरवून पाहा. बारीक खड्डा लागला तर त्यात बिनडोक्याचा छोटा स्क्रू असतो, ज्याला दुकानदार ग्रब स्क्रू म्हणतात. बहुतेक ठिकाणी 3 मिलिमीटरची एलनकी चालते. स्क्रू पूर्ण काढू नका. दोन-तीन आटे ढिला केला की दांडा सळईवरून सरकतो. स्क्रू हातात आला की तो हमखास खाली पडतो आणि फरशीवरून कपाटाखाली जातो. सळई 8 मिलिमीटरची चौकोनी, त्यामुळे दांडा अर्धा फेरा फिरवून पुन्हा तिच्यावर बसतो. मात्र हा अर्धा फेरा फक्त सरळ दांड्याला झेपतो. लाटेसारखा वळलेला किंवा वरून गोल आणि खालून चपटा असा दांडा फिरवला की त्याचं पोट वर येतं. अशा नक्षीच्या दांड्याला खरोखरच दुसऱ्या हाताचा सेट लागतो, आणि तेवढ्यापुरतं सुताराचं म्हणणं बरोबर.

बाजारातल्या स्वस्त आणि मधल्या भावाच्या पुष्कळ सेटमध्ये ग्रब स्क्रू नसतोच. पट्टी उलटी केली की मागे दांड्याची मान आणि तिच्या खाचेत बसलेलं स्टीलचं तुटकं कडं दिसतं. ते सर्क्लिप. त्याच्याखाली वायसर, आणि तिच्याखाली गुंडाळलेली स्प्रिंग. सर्क्लिप काढायला तिच्यासाठीचीच पक्कड वापरा. पेचकसाने उचकली तर ती डोळ्याच्या दिशेने उडते, म्हणून चष्मा घाला. कॉलनीतला दुचाकी मेकॅनिक ही पक्कड हमखास बाळगून असतो, आणि चहाच्या बोलीवर तो ती देतोही.

या कामात सगळ्यात जास्त घोटाळा करते ती स्प्रिंग. दाबलेला दांडा परत वर आणणं हे तिचं काम, आणि पुष्कळ हँडलांत ती एकाच दिशेने ताणली जाते. दांडा फिरवला पण स्प्रिंग तशीच ठेवली तर हँडल मान टाकतं किंवा खाली दाबताना अडतं. मग घरात सगळे कुलपाला शिव्या देतात, कुणी त्यात तेल सोडतो, कुणी नवीन कुलूप आणतो, आणि कुलूप बिचारं निर्दोष. सर्क्लिप काढली तशी स्प्रिंगही उचला, तिचे दोन पाय कुठल्या खुंट्यांना टेकले होते ते पाहा आणि उलटी करून आरशातल्यासारखी बसवा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घेतलेला बरा. लांब पट्टीऐवजी हँडलखाली गोल चकती, म्हणजे रोझ, असलेल्या महाग सेटमध्ये स्प्रिंगची वेगळी डबी असते आणि तिच्यावर डाव्या-उजव्या दिशेचे बाण कोरलेले असतात. ती नुसती फिरवून लावायची.

हँडल झालं. पण दार लावून पाहिलं तर ते चौकटीपाशी येऊन ठक् करून थांबतं. कारण जीभ.

कुलपातून बाहेर डोकावणाऱ्या लॅचच्या जिभेला एका अंगाने उतार असतो आणि दुसऱ्या अंगाने ती सपाट असते. दार बंद होताना उतार चौकटीतल्या पट्टीवर घासतो, जीभ आपसूक आत जाते आणि भोकापाशी टक् करून बाहेर येते. उतार उलट्या बाजूला असेल तर सपाट बाजू पट्टीवर आदळते आणि दार लागत नाही. (चावीने बाहेर येणारा चौकोनी बोल्ट या भानगडीत नसतो, त्याला उतारच नाही.)

हँडल आणि जीभ एकाच दारावर बसतात, पण त्यांना दोन वेगळ्या गोष्टींशी कर्तव्य असतं. हँडल विचारतं, बिजागरी कुठल्या बाजूला? जीभ विचारते, दार कुठून येऊन टेकतं? हे दोन प्रश्न वेगळे ठेवले नाहीत की सगळं काम चुकतं.

घरात वयस्कर माणसं असली की बाथरूमचं दार बाहेर उघडणारं करून घेतात, आणि ते शहाणपणाचंच आहे. आत पडलेल्या माणसाच्या अंगावर दार ढकलत बसावं लागत नाही. समजा बिजागऱ्या डावीकडेच ठेवल्या आणि आत उघडणारं दार बाहेर उघडणारं केलं. हँडलांना हात लावायची गरज नाही, बिजागरीची बाजू तीच आहे. जीभ मात्र उलटवावी लागते, कारण दार आता पॅसेजकडून आत जाऊन टेकतं. दुसरी तऱ्हा : दार आतच उघडतं, पण वॉशबेसिन मध्ये येतं म्हणून बिजागऱ्या डावीकडून उजवीकडे नेल्या. कुलूप दुसऱ्या कडेला बसवताना अख्खं फिरतं आणि जिभेचा उतारही त्याच्याबरोबर फिरून चुकीच्या बाजूला जातो. तेव्हा इथे हँडल आणि जीभ दोन्ही उलटवायची. तिसरी तऱ्हा सगळ्यात मजेशीर. बिजागरीची बाजूही बदलली आणि उघडण्याची दिशाही. इथे जिभेला काही करावं लागत नाही. कुलपाबरोबर ती फिरली ती बरोबर जागीच आली. विश्वास बसत नसेल तर पुठ्ठ्याचं दार करून टेबलावर फिरवून बघा.

जीभ उलटवायची तर अख्खं कुलूपच उपडं करून का बसवू नये? कारण चावीचं भोक मग हँडलच्या वर जाईल आणि पट्टीवरची भोकं जुळणार नाहीत. जीभच काढून फिरवायची. आधी दोन्ही हँडलं उतरवा. सिलिंडर असेल तर दाराच्या कडेवर, सिलिंडरच्या रेषेत, एक लांब स्क्रू असतो. तो काढा, चावी घालून किंचित फिरवा, म्हणजे सिलिंडरचा मधला दात आत लपतो आणि सिलिंडर सरकतो. मग कुलपाचे वरचा आणि खालचा असे दोन स्क्रू. कुलूप लाकडात घट्ट बसलेलं असतं, तरी कडेने पटाशी घालून उचकू नका, लाकडाचा टवका उडतो. सळईच्या चौकोनी भोकातून जाड पेचकस आरपार घाला, दाराच्या दोन्ही बाजूंनी त्याला धरा आणि आपल्याकडे ओढा. पेटी सरळ बाहेर येते.

पुढे प्रत्येक कुलूप आपल्या चालीने चालतं. एखाद्यात जीभ थोडी पुढे ओढली की मोकळी होते आणि अर्धा फेरा फिरवून सोडायची. एखाद्यात पेटीच्या बाजूला स्क्रू असतो. एखाद्यात पेटीचं झाकणच उघडावं लागतं. झाकण उघडायचं असेल तर पेटी आडवी ठेवा, खाली पांढरं कापड पसरा आणि झाकण सावकाश उचला. आतल्या स्प्रिंगा उडी मारायला टपलेल्या असतात. जीभ बसवल्यावर पेटी हातात असतानाच सळई घालून फिरवून पाहा, आणि कुलूप दारात बसवल्यावरही दार उघडं ठेवूनच हँडल आणि चावी दोन्ही चालवा. बंद दाराआड चाचणी घेणाऱ्यांमुळे चावीवाल्यांचं पोट भरतं.

पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर सेट घ्यायला जाल तेव्हा ‘लेफ्ट द्या’ असं म्हणू नका. जर्मन पद्धतीत बिजागऱ्या दिसतात त्या बाजूला, म्हणजे दार आपल्याकडे येतं तिथे, उभं राहून डावं-उजवं ठरवतात. अमेरिकी पद्धतीत दाराबाहेर उभं राहून. वर सांगितलेलं आपलं बाथरूमचं दार, बिजागऱ्या डावीकडे आणि आत उघडणारं, ते अमेरिकी हिशेबाने लेफ्ट आणि जर्मन हिशेबाने राइट. दुकानदार कुठल्या हिशेबाने बोलतोय हे बहुधा त्यालाही माहीत नसतं. सरळ सांगा : बाहेर उभा आहे, बिजागऱ्या डावीकडे, दार आत ढकलतो, खटका आत हवा. फोटो दाखवला तर उत्तमच.

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडे हे सगळं वेगळं दिसेल. तिथल्या घरांत दाराला लांब पट्टी नसते, एक मोठं गोल भोक आणि त्यात बसणारं हँडल. दांड्याच्या मानेला सुईएवढं छिद्र असतं. त्यात पिन दाबून धरली की दांडा हातात येतो, अर्धा फेरा फिरवून परत ढकलायचा. चावीचा दांडा असेल तर आधी चावी घालून फिरवावी लागते. दांड्याबरोबर सिलिंडरही उलटा होतो, म्हणून तो काढून सुलटा बसवायचा, नाहीतर चावी कायमची उलटी घालावी लागते. लॅच नळीसारखा असतो, तो जागच्या जागी गोल फिरवला की जिभेचं काम झालं.

गोल मुठीला डाव्या-उजव्या तोंडाचा प्रश्नच नव्हता. ती कुठल्याही दारावर कशीही बसते. पण संधिवाताच्या हाताला किंवा साबण लागलेल्या तळव्याला ती फिरवता येत नाही. कॅनडातल्या व्हँकूव्हर शहराने 2013 मध्ये आपल्या बांधकाम नियमांत बदल केला आणि मार्च 2014 पासून नव्या घरांत गोल मुठी बंद करून दांड्याची हँडलं आणली. डाव्या-उजव्याची कटकट त्या सोयीबरोबर येते आणि ती सोसावी, असं माझं मत आहे. आपल्या वाड्यांच्या दोन फळ्यांच्या दारांना ही कटकट ठाऊकच नव्हती. कडी मधोमध, कोयंडा चौकटीला, आत आडणा.

राहता राहिली चौकट. दाराची दिशा आतून बाहेर करताना चौकटीतली पताम आड येते, कारण दार टेकायची ती खाच एकाच अंगाला कोरलेली असते. लाकडी चौकटीत दुसऱ्या अंगाला पट्टी ठोकून दाराला टेकू देता येतो, पण ग्रॅनाइटच्या चौकटीत हे काम सुताराचं राहत नाही, फरशीवाल्याला बोलवावं लागतं, आणि त्याचा खर्च आधी विचारून घ्या. जीभ ज्या पट्टीत शिरते तिचा पुढे वाकवलेला ओठही दार येतं त्या बाजूला फिरवायला हवा. जीभ आणि भोक दोन-तीन मिलिमीटरने चुकत असेल तर पट्टीचं भोक कानसीने वाढवा. पट्टी सरकवून स्क्रूचं नवं भोक पाडू नका, जुन्याला लागून पाडलेल्या भोकात स्क्रू लाकूड धरत नाही. आणि लाकडी दाराचं हे जुळवणं जुलै-ऑगस्टमध्ये तर मुळीच करू नये. पावसाने फुगलेल्या दाराला जुळवलेली पट्टी दिवाळीला पुन्हा खोलावी लागते. फुगलेल्या दाराला रंधा कुठे आणि किती मारायचा, ते पुढच्या आठवड्यात.