पक्ष्यांच्या वाटेवरचे रडार

वसंतात आणि शरदात लाखो पक्षी रात्रीच्या अंधारात उत्तर समुद्र ओलांडतात. त्याच वाटेवर आता पवनचक्क्या उभ्या आहेत. डोळ्यांना न दिसणारे हे थवे रडारला दिसतात. पक्ष्यांवर आदळून परतलेल्या रेडिओलहरींवरून त्यांची उंची, वेग, दिशा कळते. लहरींच्या चढउतारातून पंखांची फडफडही मोजता येते. मात्र छोटा पक्षी की वटवाघूळ, हे रडारला सहज ओळखता येत नाही. त्यासाठी माणसाला ऐकू न येणारे वटवाघळांचे आवाज टिपणारी यंत्रे लागतात. मे २०२३ मध्ये नेदरलँड्सने स्थलांतराचा दोन दिवस आधी अंदाज घेऊन पक्षी पात्यांवर आदळू नयेत म्हणून समुद्रातल्या पवनचक्क्या चार तास मंदावल्या: मिनिटाला जास्तीत जास्त दोन फेरे. स्वच्छ वीज हवीच, पण पाखरांच्या जिवावर उठून नको.