शिंक रोखणे

शिंक रोखणे म्हणजे येऊ घातलेली किंवा सुरू झालेली शिंक नाक चिमटीत धरून, तोंड मिटून अथवा दोन्ही एकाच वेळी बंद करून बाहेर पडू न देणे. सभा, मैफल, पूजा, परीक्षा अशा शांततेच्या प्रसंगी संकोचापोटी ही कृती केली जाते. बहुतेक वेळा तिच्यामुळे कानात क्षणभर दडे बसण्यापलीकडे काही होत नाही. मात्र शिंकेचा जोर सुटल्यानंतर नाक आणि तोंड ही दोन्ही द्वारे बंद केल्यामुळे कान, घसा व श्वासनलिका यांना इजा झाल्याची उदाहरणे वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत.

शिंकेची प्रक्रिया

शिंक ही एक प्रतिक्षिप्त क्रिया आहे. धूळ, परागकण, मिरचीची पूड, तपकीर किंवा सर्दीमुळे आलेली सूज यांनी नाकाच्या अंतःत्वचेचा दाह होतो. ही संवेदना चेहऱ्याच्या चेतातंतूंमार्फत मेंदूच्या तळाशी असलेल्या लंबमज्जेपर्यंत पोहोचते. तेथून आज्ञा सुटताच प्रथम दीर्घ श्वास आत घेतला जातो. मग कंठद्वार मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू आवळले जातात आणि फुप्फुसांतील हवेचा दाब वाढतो. शेवटी कंठद्वार एकदम उघडून हवा नाकातोंडावाटे वेगाने बाहेर फेकली जाते. तिच्याबरोबर श्लेष्मा आणि नाकात शिरलेले कणही बाहेर पडतात. नाकाचा मार्ग स्वच्छ राखणे, हे या क्रियेचे प्रयोजन होय.

रोखण्याचे दोन प्रकार

वरील क्रम लक्षात घेतल्यास ‘शिंक रोखणे’ या एकाच शब्दप्रयोगात दोन भिन्न कृती सामावलेल्या दिसतात. नाकात हुळहुळ जाणवताच नाक चोळणे किंवा वरच्या ओठावर बोट दाबणे, ही पहिली कृती. तिने कधीकधी शिंकेची उबळ विरून जाते. छातीत दाब निर्माण होण्यापूर्वीच क्रिया थांबत असल्याने यात सहसा अपाय नसतो. दुसरी कृती म्हणजे दाब सुटल्यानंतर त्याची वाट अडवणे. येथे शिंक थांबलेली नसते. फक्त तिच्या हवेला बाहेरचा मार्ग उरलेला नसतो. इजेची बहुतेक उदाहरणे या दुसऱ्या प्रकारातील आहेत.

संभाव्य परिणाम

• कान : नाकाच्या मागील पोकळीतून मध्यकर्णाकडे एक अरुंद नलिका जाते. अडलेली हवा या नलिकेतून कानात शिरल्यास दडे बसतात, कान दुखतो व क्वचित कानाचा पडदा फाटतो. सर्दी असल्यास जंतुयुक्त श्लेष्मा मध्यकर्णात ढकलला जाऊन तेथे संसर्ग होऊ शकतो.
• घसा व श्वासनलिका : यांच्या भित्तीला चीर पडल्यास हवा मानेच्या व छातीच्या ऊतींमध्ये शिरते. अशा वेळी मान सुजते आणि त्वचेवर बोट दाबले असता करकर जाणवते. अशी इजा अतिशय विरळा असते.
• डोळे व नाक : वाढलेल्या दाबाने सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटून डोळ्याच्या पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो किंवा नाकातून रक्त येते. डाग भीतिदायक दिसला, तरी बहुधा काही दिवसांत आपोआप नाहीसा होतो.

नोंदवलेली उदाहरणे

इंग्लंडमधील लेस्टर येथील 34 वर्षांच्या एका पुरुषाचे उदाहरण 2018 मध्ये ‘बीएमजे केस रिपोर्ट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. नाक चिमटून व तोंड मिटून शिंक दाबताच त्याला मानेत काही फुटल्यासारखे जाणवले. नंतर मान सुजली, गिळताना वेदना होऊ लागल्या आणि आवाज जवळजवळ गेला. तपासणीत घशाला चीर पडल्याचे आढळले. जखम भरून यावी म्हणून त्याला सात दिवस नळीवाटे अन्न देण्यात आले.

त्याच नियतकालिकात 2023 मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील तिशीतील एका पुरुषाची नोंद आली. परागकणांच्या अधिहर्षतेचा त्रास असलेल्या या गृहस्थाने मोटार चालवताना नाक व तोंड बंद करून शिंक दाबली. त्याच्या श्वासनलिकेला सुमारे 2 मिमी रुंद व 5 मिमी खोल चीर पडली. शस्त्रक्रियेची गरज भासली नाही. पाच आठवड्यांनंतरच्या तपासणीत चीर भरून आलेली दिसली. नाक व तोंड दोन्ही बंद असताना श्वसनमार्गातील दाब नेहमीच्या शिंकेच्या वीसपटीपर्यंत वाढू शकतो, असे या नोंदीत म्हटले आहे.

आयुर्वेदातील विचार

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय ‘नवेगान्धारणीय’ या नावाने ओळखला जातो. अडवू नयेत अशा तेरा नैसर्गिक वेगांत तेथे ‘क्षवथु’ म्हणजे शिंकेचा समावेश आहे. ती अडवल्यास मान ताठरणे, डोके दुखणे, अर्धशिशी, चेहऱ्याचा अर्धांगवायू आणि इंद्रियांचे दौर्बल्य हे विकार होतात, असे प्रतिपादन आहे. ही यादी आधुनिक वैद्यकातील निरीक्षणांशी तंतोतंत जुळत नाही. परंतु शिंकेला मोकळी वाट द्यावी, हा निष्कर्ष समान आहे. लोभ, क्रोध, मत्सर आदी मनाचे वेग मात्र आवरावेत, असे याच अध्यायात सांगितले आहे.

समजुती

कोणी कामासाठी बाहेर पडत असता शिंकणे महाराष्ट्रात परंपरेने अपशकुन मानले जाते. ठरलेले काम अनपेक्षितपणे बिघडले की ‘माशी शिंकली’ असे म्हणतात. शिंक दाबण्यामागे शिष्टाचाराइतकाच या समजुतीचाही वाटा असू शकतो. शिंकताना हृदय क्षणभर बंद पडते, ही समजूत निराधार आहे. छातीतील दाब बदलल्याने ठोक्यांची लय किंचित बदलते इतकेच.

दक्षता

शिंकेवाटे रोगजंतू पसरतात, ही काळजी रास्तच आहे. तिच्यावरचा उपाय मात्र शिंक अडवणे हा नसून ती झाकणे हा आहे. हातरुमाल, कागदी रुमाल किंवा दुमडलेले कोपर नाकातोंडासमोर सैलसर धरावे आणि शिंक येऊ द्यावी. लहान मुलांना शिंकताना नाक दाबायला शिकवू नये. वारंवार शिंका येत असल्यास मूळ कारणावर उपचार घेणे इष्ट. शिंक दाबल्यानंतर मान किंवा छाती दुखणे, मानेला सूज येणे, आवाज बदलणे, गिळताना वा श्वास घेताना त्रास होणे, ऐकू कमी येणे अथवा कानातून स्राव येणे यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे.