‘जेवलास का?’ एवढंच नको, ‘किती वाजता जेवलास?’ हेही विचारा

कळवा : सकाळी साडेसहाला चहा आणि दोन बिस्किटं. दुपारी एकला डबा. संध्याकाळी स्टेशनबाहेर वडापाव. रात्री दहाला ताटभर भात आणि लगेच झोप. कळव्याहून लोकलने मुंबईला कामाला जाणाऱ्या अनेकांचा दिवस असाच जातो. शहापूर, मुरबाडकडची पोरंही कामासाठी या भागात खोली घेऊन राहतात. त्यामुळे हा प्रश्न फक्त शहराचा नाही.

पूर्वी कसं होतं?

कळवा, खारेगाव ही मूळची आगरी-कोळ्यांची गावं. खाडीतली मासळी आणि भातशेती यावर घर चालायचं. सकाळी न्याहारीला तांदळाची भाकरी, दुपारी भात-कालवण आणि दिवेलागणीनंतर लवकरच रात्रीचं जेवण. पोटभर खाणं दिवसा व्हायचं आणि खाल्लेलं कामात जिरायचं. पुढे ठाणे-बेलापूर पट्ट्यात कारखाने आले, शिफ्ट आली, लोकलची धावपळ आली. भात तोच राहिला, पण तो खायची वेळ रात्रीवर गेली. अंगमेहनतही कमी झाली.

वेळेने काय फरक पडतो?

जेवलं की रक्तात साखर वाढते. ती शरीराच्या कामी लावायचं काम इन्शुलिन करतं. हे काम दिवसा चांगलं होतं, रात्री मंदावतं. म्हणून तोच भात दुपारी खाल्ला तर साखर जेवढी वाढते, त्यापेक्षा रात्री उशिरा खाल्ल्यावर जास्त वाढू शकते. त्यात लगेच आडवं झालं की छातीत जळजळ होते. सकाळी भूक लागत नाही, मग पुन्हा नुसता चहा.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) 2023 मध्ये आलेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे 10 कोटी लोकांना मधुमेह आहे. आणखी साडेतेरा कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. याच अभ्यासातून 2025 मध्ये आलेली माहिती सांगते की भारतीयांना सरासरी 62 टक्के ऊर्जा भात, पोळी, साखर अशा पिष्टमय आणि गोड पदार्थांतून मिळते.

फ्रान्समध्ये काय चालतं?

जेवणाच्या वेळा पाळण्यात फ्रेंच लोकांचं नाव घेतलं जातं. तिथल्या सरकारी सांख्यिकी संस्थेने 2010 च्या पाहणीत लोकांचा दिवस कसा जातो ते मोजलं. दुपारी एकला निम्मा देश जेवत असतो, असं त्यात दिसलं. खाण्यापिण्यावर माणूस दिवसाला सरासरी 2 तास 22 मिनिटं घालवत होता. 1986 पेक्षा ही वेळ 13 मिनिटांनी जास्तच होती. त्यांचा पाव-लोणी आपल्याला नको. पण ठरल्या वेळी, बसून, सावकाश जेवणं आपल्यालाही जमण्यासारखं आहे.

काय करता येईल?

1. घर सोडण्यापूर्वी भाकरी-भाजी, घावन किंवा अंडं पोटात जाऊ द्या. चहा-बिस्किट म्हणजे न्याहारी नव्हे.

2. दिवसाचं मोठं जेवण दुपारी घ्या. निम्मं ताट भाज्या आणि फळांचं असावं. सोबत डाळ, उसळ किंवा मासळी हवीच.

3. संध्याकाळी मूठभर भाजलेले शेंगदाणे किंवा चणे खा. पिशवीत पुडी असली की वडापावची आठवण कमी होते.

4. झोपण्याच्या दोन-तीन तास आधी जेवा. घरी यायला दहा वाजत असतील तर कामावरून निघतानाच एखादी चपाती-भाजी खाऊन घ्या. घरी आल्यावर भात थोडा, वरण-भाजी जास्त.

5. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं शतपावली करा.

एक सावधगिरी : मधुमेहाची गोळी किंवा इन्शुलिन सुरू असेल तर जेवण चुकवू नका. वेळ बदलण्याआधी आणि उपवासाआधी डॉक्टरांना विचारा. दरदरून घाम, थरथर, चक्कर ही साखर उतरल्याची लक्षणं असू शकतात. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच साखर किंवा गूळ खायला द्या आणि दवाखाना गाठा.

तपासणी कुठे?

तिशी ओलांडलेल्यांची साखर आणि रक्तदाब तपासण्याची सोय सरकारी आरोग्य केंद्रात, गावच्या उपकेंद्रात असते. उपाशीपोटी साखर 100 च्या आत असावी. 100 ते 125 म्हणजे धोक्याची सूचना. 126 किंवा जास्त आली तर पुन्हा तपासून डॉक्टरांना दाखवावं.

गावाकडून पोराला रोज फोन जातो. ‘जेवलास का?’ हा प्रश्न ठरलेला असतो. त्याला ‘किती वाजता?’ एवढं जोडा. आणि टीव्ही-मोबाईलमुळे गावातही जेवण दहावर गेलं असेल, तर तोच प्रश्न आपल्या घरातही विचारा.