पाय प्लॅस्टरात, माणूस नव्हे



गळिताचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या गव्हाणीत ऊस पडू लागतो, आणि गावोगावच्या दवाखान्यांत मोडलेले पायही येऊ लागतात. कोणी ट्रॉलीवरून उतरताना घसरतो, कोणाच्या पायावरून बैलगाडीचं चाक जातं, कोणी रात्रीच्या लाईटीवर पाणी पाजायला जाताना मोटारसायकलसकट चारीत पडतो. गुडघ्याखालचा पाय हा तसा उघडाच. नडगीच्या पुढच्या बाजूला कातडीखाली लगेच हाड लागते, मध्ये मांसाची गादी नाही. तिथे रक्तपुरवठाही बेताचाच. म्हणून नडगीचे हाड मोडायला वेळ लागत नाही, पण भरून यायला मात्र चार-पाच महिनेही लागू शकतात.

हाड बसवणे, प्लॅस्टर घालणे, सळई टाकणे हे डॉक्टरांचे काम. हा लेख आहे तो त्यानंतर घरी काढायच्या दिवसांविषयी.

आमच्या घरचीच गोष्ट सांगतो. आमच्या आबांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची नडगी मोडली तेव्हा ते साठीचे होते. तोवर रोज शेताला चार फेऱ्या. प्लॅस्टर घातले आणि घरच्यांनी मायेपोटी त्यांना खाटेवरून हलू दिले नाही. जेवण खाटेवर, पाणी खाटेवर, पाहुण्यांची ये-जा खाटेपाशी. तीन महिन्यांनी प्लॅस्टर काढले. फोटोत हाड झकास जुळलेले. पण आबांना उभे केले तर दोन्ही पाय लटपटायला लागले. मोडलेला तर जाऊ द्या, न मोडलेलाही धरीना. हाड जुळले, पण माणूस उठेना. पुढच्या लागणीला शेत वाट्याने द्यावे लागले.

झोपून राहिल्याने काय होते?

स्नायूला काम नसले की शरीर त्याचा खर्च बंद करते. बिनकामाचा गडी कोणी पोसत नाही, तसेच हे. अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या धडधाकट माणसांना फक्त १० दिवस अंथरुणात ठेवले होते. तेवढ्यात त्यांच्या पायांचे मांस सरासरी सुमारे १ किलोने घटले. ही माणसे आजारी नव्हती, हे ध्यानात घ्या. मांसाबरोबर दमही कमी होतो, सांधे आखडतात, बद्धकोष्ठ होते, वजन आणि मधुमेहवाल्यांची साखर वाढते. पडून राहिल्याने पोटरीत रक्ताची गुठळी होण्याचा धोकाही असतो.

एका वाफ्यात पाणी तुंबले म्हणून आपण सगळे रान पडीक टाकत नाही. तसेच इथे. मोडलेली जागा सांभाळायची आणि बाकीचे शरीर कामात ठेवायचे.

आधी तीन प्रश्न

काही वर्षांनी माझाच घोट्याजवळचा पाय मोडला आणि सहा आठवडे गुडघ्याखाली प्लॅस्टर आले. आबांचे पाहिले होते, म्हणून घरी निघण्यापूर्वी मी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारल्या. पायावर वजन किती टाकायचे? कोणता सांधा हलवायचा आणि कोणता नाही? पुन्हा कधी दाखवायचे? ही उत्तरे प्रत्येकाची वेगळी असतात. शेजाऱ्याला चालायला सांगितले म्हणून आपण चालू नये. खालचे व्यायामही डॉक्टरांना किंवा फिजिओथेरपीच्या बाईंना विचारूनच करावेत.

खाटेवर आणि खुर्चीवर करायचे व्यायाम

पहिले काही दिवस पाय उशांवर, छातीपेक्षा थोडा उंच ठेवावा, म्हणजे सूज उतरते. प्लॅस्टरबाहेरची बोटे जागेपणी दर तासाला हलवावीत.

मांडीसाठी: पाय सरळ ठेवून गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवावी. गुडघ्याने ती खाली दाबावी, पाच अंक मोजावेत, सोडावे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. नंतर गुडघा ताठ ठेवून अख्खा पाय वीतभर उचलावा व सावकाश खाली आणावा. प्लॅस्टरचे वजन असतेच, वेगळे वजन बांधायची गरज नाही.

हातांसाठी: एक लिटरची पाण्याची बाटली भरली की एक किलोचे वजन झाले. खुर्चीत बसून ती खांद्यापासून वर न्यावी, बाजूला न्यावी. मग खुर्चीच्या दोन्ही हातांवर तळवे टेकून बूड थोडे उचलावे. कुबड्यांवर चालायला जे बळ लागते ते याच व्यायामाने येते. खुर्ची भक्कम असावी, चाकाची किंवा हलकी प्लॅस्टिकची नको.

दमासाठी: बसल्या बसल्या दोन्ही हात पुढे-मागे, वर-खाली झपाझप दोन मिनिटे चालवावेत, एक मिनिट थांबावे, पुन्हा चालवावेत. दहा मिनिटांत घाम येतो. मी रेडिओवरच्या बातम्या संपेपर्यंत करायचो. नातवंडे हसायची, हसू द्यावीत.

चांगल्या पायालाही व्यायाम द्यावा. त्याचा एक छुपा फायदा आहे. एका बाजूच्या अवयवाला व्यायाम दिला की दुसऱ्या बाजूच्या तशाच अवयवाचे बळही थोडे वाढते किंवा टिकते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात १८९४ सालीच हे हातांवर दाखवले गेले आणि पुढे पायांवरही दिसून आले. दोन्ही अवयवांना हुकूम देणारा मेंदू एकच ना!

कुबडी कशी धरावी

कुबडीचे वरचे टोक काखेच्या दोन-तीन बोटे खाली असावे. भार हाताच्या तळव्यांवर घ्यावा, काखेवर लटकू नये. काखेतली शीर दबली तर हात बधिर होतो, मनगटही लुळे पडू शकते. मुठीची जागा अशी, की कोपर किंचित वाकलेले राहील. पायरी चढताना आधी चांगला पाय वर, मग दुखरा पाय आणि कुबड्या. उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, मग चांगला. न्हाणीघरातली ओली फरशी, अंगणातले शेण आणि उंबरा ही तीन ठिकाणे दुसरा पाय मोडायची. घरच्यांनी तेवढी सांभाळावीत.

खाणे आणि तंबाखू

साखर कारखान्याच्या अंकात हे लिहिणे बरे दिसत नाही, पण लिहितो. या दिवसांत चहातली साखर, काकवी आणि गूळ-शेंगदाण्यातला गूळ कमी करावा. अंगमेहनत घटली की भूक तीच राहते, खर्च मात्र उरत नाही. याउलट दूध, दही, अंडी, डाळी, मटकी, हरभरा, शेंगदाणे वाढवावेत. हाड आणि मांस दोन्ही त्यातूनच भरतात. नाचणी आणि तिळात चुना भरपूर असतो. अंगाला थोडे ऊन लागू द्यावे.

तंबाखूचे मात्र स्पष्टच सांगतो. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचे हाड उशिरा जुळते आणि न जुळण्याचे प्रमाणही जास्त असते. मळून खाल्ली, मिसरी लावली, तरी निकोटिन रक्तात जातेच आणि रक्तवाहिन्या आखडतात. सोडायला यापेक्षा चांगली वेळ येणार नाही.

प्लॅस्टर निघाल्यावर

पाय बारीक, पोटरी सैल, घोटा गंजलेल्या बिजागरीसारखा. घाबरू नये. घोटा मोकळा करायची परवानगी मिळाली की पायाच्या अंगठ्याने हवेत मुळाक्षरे काढावीत, ‘अ’पासून ‘ज्ञ’पर्यंत. जमिनीवर टॉवेल पसरून बोटांनी ओढावा. डॉक्टरांनी १५ किलो वजन टाका म्हटले तर ते किती हे घरच्या वजनकाट्यावर पाय ठेवून शिकावे. कारखान्याच्या काट्यावर नव्हे! संध्याकाळी सूज येते, ती रात्रीत उतरली तर ठीक. सकाळीही राहिली तर काम जास्त झाले असे समजून दुसऱ्या दिवशी कमी करावे. तेल लावून रगडणे, झटका देऊन मोकळे करणे टाळावे. त्याने कच्चे जुळलेले हाड हलू शकते.

ताबडतोब दवाखाना केव्हा?

गोळी घेऊनही वेदना वाढतच गेल्या, बोटे हलवताना असह्य कळ आली, बोटे थंड, बधिर, निळी किंवा पांढरी पडली तर सकाळची वाट पाहू नये. आत दाब वाढला असेल तर काही तासांत स्नायू कायमचे जातात. बांबूच्या पट्ट्या करकचून बांधल्यानेही असे होऊन पाय कापावे लागले आहेत. पोटरी किंवा मांडी एकाएकी सुजून दुखू लागली, अचानक दम लागला, छातीत दुखले, तर ती गुठळी असू शकते. प्लॅस्टरला घाण वास आला किंवा ताप आला तरी दाखवावे.

माझे प्लॅस्टर निघाल्यावर पाचव्या आठवड्यात मी काठी टेकत बांधापर्यंत गेलो. आबा तिथे बसलेलेच होते. माझ्या पायाकडे बघत म्हणाले, “मला बी कुणी सांगितलं असतं, तर मी काय ऐकलं नसतं व्हय?”

म्हणून हे लिहिले. अंक वाचून झाला की कोनाड्यात टाकू नका. ज्या घरी पाय मोडलाय त्या घरी नेऊन द्या, आणि तिथल्या मंडळींनाही वाचून दाखवा. माणसाला खाटेवर बांधून ठेवतात ती बहुधा तीच, आणि तीही मायेपोटी.