पासिंगच्या आधी गाडीचे दिवे वाचा

भिवापूरकडे मिरचीचा तोडा सुरू झाला, की गावातल्या पिकअपला आणि ट्रॅक्टरला उसंत म्हणून राहत नाही. शेतातून सातऱ्यावर, सातऱ्यावरून बाजारात, आणि माल मोठा असला तर उमरेड ओलांडून थेट नागपूरच्या कळमन्यात. इतवारी-नागभीड ही छोटी रेल्वे २०१९ च्या नोव्हेंबरात गेज बदलण्यासाठी बंद झाली, तेव्हा माणसांचा भारही रस्त्यावरच येऊन पडला. अशा ऐन हंगामात कोणाच्या तरी गाडीच्या पासिंगची तारीख येऊन ठेपते आणि घरात धावपळ उडते. मग मिस्त्रीला निरोप जातो, रंगाचा हात फिरतो, चकाकणारी पट्टी चिकटवली जाते. डॅशबोर्डवर चार महिने जळत असलेल्या दिव्याचे काय करायचे, हा प्रश्न मात्र शेवटच्या दिवशी सुचतो. तेव्हा कोणीतरी शहाणा सल्ला देतो, "बल्बच काढून टाका ना!"

हा सल्ला ऐकू नये. तो का ऐकू नये हे सांगण्याआधी पासिंग कोणत्या गाडीला लागते ते पाहू, कारण याबाबत खेड्यात बराच गोंधळ आहे. घरच्या वापराच्या पांढऱ्या पाटीच्या कारला दरवर्षी पासिंग लागत नाही. तिची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर गाडी दाखवून ती ५-५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. शेतीच्या ट्रॅक्टरचेही तसेच, कायद्याने तो वाहतुकीची गाडी समजला जात नाही. पिवळ्या पाटीची पिकअप, छोटा हत्ती, काळी-पिवळी, ट्रक यांना मात्र फिटनेसचा दाखला हवाच. नव्या गाडीला पहिली दोन वर्षे तो मिळालेलाच असतो. पुढे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि आठ वर्षांनंतर दरवर्षी गाडी तपासणीला न्यावी लागते. गावातल्या बऱ्याच पिकअप दुसऱ्याच्या हातून घेतलेल्या, जुन्या असतात. म्हणजे आपल्यापैकी अनेकांची गाठ दरवर्षीच्या पासिंगशीच आहे.

दाखल्याची मुदत संपली की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे त्या गाडीची नोंदणीसुद्धा वैध धरली जात नाही. दंड तर होतोच. पण खरी गोष्ट पुढेच आहे. अपघात झाला तर विमा कंपनी पहिला कागद हाच मागते.

आता दिव्यांकडे वळू. फिटनेसच्या तपासणीत ब्रेक, स्टिअरिंग, हेडलाईट, आरसा, हॉर्न, वायपर, धूर यांच्याबरोबर डॅशबोर्डवरच्या उपकरणांचाही रकाना आहे. चावी फिरवून 'ऑन'वर आणली, इंजिन चालू केले नाही, की धोक्याचे दिवे एकदा पेटले पाहिजेत. इंजिन सुरू झाल्यावर ते विझले पाहिजेत. जो दिवा मुळात पेटतच नाही, त्याचा बल्ब काढलेला आहे किंवा तार तुटली आहे, हे जाणत्या माणसाच्या लगेच लक्षात येते. जुनी गाडी विकत घेतानाही हीच परीक्षा करावी. रंग आणि सीट पाहून भाव करणाऱ्यांनी आधी चावी फिरवून दिवे मोजावेत.

रंगांचा अर्थ सोपा आहे. लाल म्हणजे थांबा. पिवळा म्हणजे चालवा, पण लवकर दाखवा. हिरवा-निळा म्हणजे नुसते काहीतरी चालू आहे, जसे साईडचा इंडिकेटर किंवा हेडलाईटचा अप्पर.

लाल दिव्यांत सर्वांत महत्त्वाचा तो तेलाच्या बुधलीचा, टोकाला थेंब असलेला. तेल 'कमी होत आले' असे तो सांगतो, अशी अनेकांची समजूत आहे. तसे नाही. तेलाचा दाब पडला, म्हणजे बेअरिंगपर्यंत तेल पोहोचत नाही, हे तो सांगतो. तो पेटल्यावर "भिवापूर आता आलेच" म्हणून चार किलोमीटर पुढे रेटले, तर इंजिन जाम होऊ शकते आणि शे-दोनशे रुपयांच्या तेलाचे काम पुऱ्या इंजिनकामावर जाते. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, सपाट जागी पाच-दहा मिनिटे थांबून पट्टी काढून तेल पाहा. तेल पुरेसे असूनही दिवा जात नसेल तर गाडी ओढूनच न्या.

बॅटरीचा लाल दिवा चालता चालता लागला, तर आधी बॉनेट उघडून पट्टा पाहावा. बऱ्याच जुन्या इंजिनांत अल्टरनेटर आणि पाण्याचा पंप एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला की चार्जिंग जाते आणि मागोमाग इंजिनही तापू लागते. तापमानाचा दिवा लागल्यावर गरम रेडिएटरचे झाकण उघडण्याची घाई करू नये. वैशाखात तर नकोच. उकळते पाणी तोंडावर येते.

वर्तुळातल्या उद्गारचिन्हाचा लाल दिवा बहुधा हँडब्रेक ओढलेला असल्याचे दाखवतो. हँडब्रेक खाली करूनही तो राहिला, तर ब्रेक ऑईल कमी झाले आहे. येथे नुसते ऑईल भरून दिवा घालवणे ही फसवणूक आहे, आणि ती आपण आपलीच करतो. ते ऑईल कमी झाले कशाने? एक तर लायनर झिजले किंवा कोठेतरी गळती आहे. दोन्ही गोष्टी मिस्त्रीने चाक काढून पाहिल्याशिवाय कळत नाहीत. पासिंगला ब्रेकच आधी पाहतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१६ च्या आदेशानंतर त्यासाठी आरटीओंना २५० मीटरचे चाचणी ट्रॅक करावे लागले. केंद्र सरकारने २०२१ मध्ये यंत्रावर तपासणी करणाऱ्या केंद्रांचे नियमही काढले आहेत. तेथे चाके रोलरवर ठेवून प्रत्येक चाकाचा ब्रेक वेगळा मोजतात. रोलरपुढे ओळख चालत नाही.

पिवळ्या दिव्यांत डिझेल गाडीचे वेटोळे आपल्या ओळखीचे आहे. थंडीत ते विझेपर्यंत थांबावे आणि मग स्टार्टर मारावा. डिझेलमध्ये पाणी आल्याचा दिवाही काही गाड्यांत असतो. पिंपात डिझेल साठवणाऱ्या शेतकऱ्यांना तो जास्त दिसतो. फिल्टरखालचा खिळा सैल करून पाणी काढून टाकले की काम होते. 'एबीएस' असे लिहिलेला दिवा राहिला, तर साधा ब्रेक लागतो, पण जोरात दाबल्यावर चाके जाम होऊन गाडी घसरू नये ही सोय बंद असते. दोष पुष्कळदा चाकाजवळच्या तारेत निघतो. चिखलाने तुटलेली, नाही तर उंदराने कुरतडलेली. धान्याच्या पोत्यांशेजारी गाडी उभी करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा बॅटरीची तार काढून घालवण्याची युक्तीही चालते. दोष तसाच असेल तर थोडे अंतर गेल्यावर तो पुन्हा हजर होतो.

एका नव्या दिव्याबद्दल जरा सविस्तर सांगणे भाग आहे. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ च्या झाल्या. त्यांतल्या अनेक डिझेल गाड्यांना धूर स्वच्छ करण्यासाठी डेफ नावाचे द्रावण लागते. पंपावर लोक त्याला सरळ 'युरिया' म्हणतात, आणि त्यात ३२.५ टक्के युरिया असतोही. ते संपत आले की दिवा लागतो. तसेच चालवत राहिल्यास गाडीची ताकद कमी होते आणि टाकी पूर्ण रिकामी झाल्यावर बऱ्याच गाड्या बंद केल्या की पुन्हा सुरूच होत नाहीत. घरात युरियाची गोणी असताना पैसे कशाला घालवायचे, असे मनात येणे साहजिक आहे. पण खताचा युरिया पाण्यात कालवून त्या निळ्या झाकणाच्या टाकीत कदापि ओतू नका. आपल्या देशातल्या खताच्या युरियावर २०१५ पासून कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो, शिवाय त्यात बाययुरेट असते. पिकाला ते चालते. गाडीच्या बारीक नोझलला आणि धूर शुद्ध करणाऱ्या डब्याला चालत नाही, आणि तो डबा बदलणे फार महाग पडते. सीलबंद डेफच घ्यावे. डिझेलच्या टाकीत ते चुकूनही जाऊ देऊ नये.

पासिंगच्या तारखेआधी महिनाभर हे सारे पाहिले, तर मिस्त्रीलाही वेळ मिळतो आणि सुट्या भागांसाठी धावाधाव होत नाही. विमा, कर आणि पीयूसी यांच्या तारखाही त्याच दिवशी पाहून घ्या. बीएस-४ आणि त्यापुढच्या गाडीचे पीयूसी वर्षभर चालते, त्याआधीच्या गाडीचे सहा महिनेच. नागपूरला सत्तर-ऐंशी किलोमीटर जाऊन एका बल्बासाठी परत यायचे म्हणजे दिवस, डिझेल आणि ड्रायव्हरची मजुरी तिन्ही वाया.

जाता जाता घरातल्या बायाबापड्यांसाठी एक. तोड्याला जाणाऱ्या बाया पिकअपच्या मागच्या डाल्यात उभ्या राहून जातात, हे चित्र रोजचे आहे. माल वाहण्याच्या गाडीत मजूर नेणे कायद्यात बसत नाही. मालाचा मालक किंवा त्याचा माणूस आणि गाडीवरचे कामगार सोडले, तर डाल्यात बसलेल्यांच्या भरपाईला विमा कंपनी नकार देते. गाडी पास असली तरीही. निघताना ड्रायव्हर चावी फिरवील, तेव्हा पुढे बसणाऱ्या बाईने डॅशबोर्डकडे नजर टाकावी. लाल दिवा विझला नाही तर "भाऊ, तो दिवा कसला?" असे खुशाल विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी हलू देऊ नये.