संपत्ती मोजायची कुणाची?

१ एप्रिल १९५७ ही तारीख रोहा तालुक्यातल्या कितीतरी जुन्या फेरफारांत सापडते. मुंबई कूळवहिवाट कायद्यानं तो ‘कृषक दिन’ ठरवला होता. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता, तो कायद्यानं तिचा खरेदीदार मानला गेला. माझे आजोबा त्यांतलेच. कुंडलिकेकाठची भातखाचरं, जी ते खंडानं करत आले होते, त्यांच्या नावावर चढली. मग त्याच कायद्याच्या कलम ३२-ग खाली चौकशी झाली, किंमत ठरली, हप्ते फिटले आणि ३२-म चा दाखला हातात पडला. तो दाखला अजून आमच्याकडे पत्र्याच्या पेटीत आहे. घड्या पडलेल्या जागी कागद फाटलाय, पण तहसीलचा गोल शिक्का वाचता येतो.

त्याच १ एप्रिल १९५७ पासून दिल्लीचा आणखी एक कायदा लागू झाला, संपत्ती कराचा. व्यक्तीच्या पहिल्या २ लाखांना माफी, पुढच्या १० लाखांवर अर्धा टक्का, त्यापुढच्या १० लाखांवर १ टक्का आणि उरलेल्यावर दीड टक्का. म्हणजे ज्याची श्रीमंती कुळाच्या जमिनीत होती त्याची जमीनच गेली, आणि ज्याची गिरणीत, कंपनीत, शेअरांत होती त्याला वर्षाकाठी फार तर दीड टक्का. पहिल्या कायद्यानं झालेला बदल आजही सातबाऱ्यावर कायम आहे, कलम ४३ च्या अटीसकट. दुसरा कायदा मोडीत निघाला. मी पेणला करसल्लागाराचं काम करते, त्यामुळे त्याचे शेवटचे फॉर्म माझ्याही हातून भरले गेले.

आमच्या खाचरांचे मूळ मालक काही बडे सावकार नव्हते. मुंबईत कारकुनी करून गावच्या भातावर वर्षाची बेगमी करणारं घर होतं ते. त्यांचं नुकसान झालं आणि आमचं घर उभं राहिलं, हे दोन्ही खरं आहे. देशानं त्या काळी संपत्तीला हात लावला होता, आणि अगदी मध्यम माणसाच्याही लावला होता, एवढं मला त्यातून दिसतं. म्हणूनच ‘संपत्तीवर कर म्हणजे परदेशी खूळ’ असं कुणी म्हणालं की मला ते पटत नाही.

त्यातही आमच्या भागाचा या गोष्टीशी फार जवळचा संबंध आहे. चिंतामणराव देशमुख महाडजवळच्या नाते गावी १८९६ मध्ये जन्मले, त्यांचं बालपण रोह्यात गेलं, वडील तिथे वकील होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर म्हणून सगळे त्यांना ओळखतात. १९५२ च्या निवडणुकीत ते कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्यातून लोकसभेवर गेले, हे मात्र आता फारसं कुणाला आठवत नाही. कुलाब्याचा हा खासदार अर्थमंत्री असताना १९५३ चा मृत्यू कर, म्हणजे इस्टेट ड्यूटीचा कायदा झाला. माणूस वारल्यावर १ लाखावरची मालमत्ता वारसांकडे जाताना सरकारचा वाटा, आणि घटनेप्रमाणे ते उत्पन्न राज्यांना. १९५६ च्या सुरुवातीला केंब्रिजचे अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर भारतात आले तेव्हाही अर्थमंत्री देशमुखच होते. काल्डोरांनी संपत्ती, भांडवली नफा, देणगी आणि खर्च अशा चारही गोष्टींवर कर सुचवले. त्यांचा मुद्दा साधा होता : एकाची विक्री ही दुसऱ्याची खरेदी असते, म्हणून एका विवरणात लपवलेलं दुसऱ्यात उघडं पडतं. त्याच्या बदल्यात आयकराचा वरचा दर ४५ टक्क्यांपर्यंत खाली आणा, असंही त्यांनी सांगितलं होतं. पण जुलै १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर देशमुखांनी राजीनामा दिला, आणि संपत्ती कर आणला तो टी. टी. कृष्णम्माचारींनी.

दर खाली आणायचं मात्र राहून गेलं. उलट ते चढत गेले. १९७३-७४ ला आयकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता. त्यावर संपत्ती कर भरायचा म्हणजे काहींचा कर उत्पन्नापेक्षा जास्त. इस्टेट ड्यूटीचा वरचा दर ८५ टक्क्यांवर गेला. असे दर कुणी भरत नाही. लोक एचयूएफ (हिंदू अविभक्त कुटुंब) काढतात, ट्रस्ट करतात, बाकीचं रोखीत जातं. १९८५ मध्ये विश्वनाथ प्रताप सिंगांनी इस्टेट ड्यूटी बंद केली तेव्हा तिचं उत्पन्न साधारण २० कोटी होतं. ती बंद करणं त्या घडीला चूक होतं असं मी म्हणणार नाही. तिच्या जागी कमी दराचा, पळवाटा बुजवलेला वारसा कर आला नाही, ही चूक होती.

संपत्ती कराचं खरं मरण त्याहून शांतपणे झालं, १९९२ च्या अर्थसंकल्पात. चेल्लय्या समितीच्या सल्ल्यानं ठरलं की फक्त ‘अनुत्पादक’ संपत्ती मोजायची : दागिने, सोनं-चांदी, मोटारी, शहरी मोकळी जमीन, एकापेक्षा जास्त घरं, ५० हजारांवरची रोकड, यॉट आणि खासगी विमान. नगरपालिकेच्या हद्दीपासून २५ किलोमीटरच्या आतलं फार्महाऊससुद्धा. पेण, अलिबाग, रोहा, खोपोली, उरण अशा नगरपालिका आसपास असल्यानं आमच्या टापूतलं जवळजवळ प्रत्येक फार्महाऊस त्यात बसे. शेअर मात्र वगळले. कंपनीतली मालकी वगळली.

याचा अर्थ काय झाला ते आकड्यांत सांगते. शेवटच्या काळात ३० लाखांवर सरसकट १ टक्का कर होता. पेणच्या हद्दीत वडिलोपार्जित मोकळा प्लॉट, त्याची किंमत ७० लाख, अशा माणसाला वर्षाला ४० हजार. मुंबईत ५०० कोटींचे शेअर बाळगून भाड्याच्या घरात राहणाऱ्याला शून्य. मला आठवतात त्या दागिन्यांच्या याद्या. एका शाळामास्तरांच्या घरी जागा विकल्यावर पैसा आला, सोनं झालं, म्हणून सरकारमान्य मूल्यांककाकडे गेलो. बाईंनी पाटल्या हातातून साबण लावून काढल्या, वजन झालं, लाखेचं वजन वजा झालं, मंगळसूत्राच्या वाट्या वेगळ्या तोलल्या. त्या मान खाली घालून बसल्या होत्या. घरातलं सोनं परक्या माणसापुढे तोलून घेणं त्यांना फार लागलं होतं, आणि मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

२०१५ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटलींनी हा कर काढला. २०१३-१४ ची सगळ्या देशाची वसुली १,००८ कोटी होती, गोळा करायचा खर्च जास्त, हे त्यांचं म्हणणं आकड्यांनुसार बरोबर होतं. ३१ मार्च २०१५ ची संपत्ती ही शेवटची मोजलेली. त्याऐवजी १ कोटीवर उत्पन्न असणाऱ्यांना २ टक्के जादा अधिभार लावला, त्यातून ९ हजार कोटी अपेक्षित होते. पण अधिभार लागतो उत्पन्नावर. ज्याची कंपनी दरवर्षी फुगते आणि जो लाभांश घेतच नाही, त्याचं उत्पन्न कागदावर थोडकंच राहतं. शिवाय अधिभारातून राज्यांना वाटा मिळत नाही, संपत्ती करातून मिळत असे. पुढे २०२३ मध्ये नव्या पद्धतीत सर्वांत वरचा अधिभारही ३७ वरून २५ टक्क्यांवर आला.

आता पेणजवळच्या हमरापूर-जोहे पट्ट्यात या. इथल्या गणपतीच्या कारखान्यांत माघ-फाल्गुनापासून काम जोरात असतं. माझ्याकडे येणारे एक कारखानदार शाडूच्या मूर्ती करतात. त्या मूर्तीवर जीएसटी नाही, पण रंगावर १८ टक्के आहे, आणि माल करमुक्त म्हणून तो भरलेला कर परत मिळत नाही. हंगामाआधी कर्ज काढायचं, गणपती गेले की फेडायचं. राहतं घर आणि शेड मिळून घरपट्टी येते. हंगाम बुडाला तरी येते. घरावर कर्ज असलं तरी ते वजा होत नाही. घरपट्टी म्हणजे दुसरं काय आहे? तो संपत्तीवरचाच कर आहे, आणि तो सर्वांत छोटा मालक पिढ्यान्‌पिढ्या भरत आलाय. संपत्ती कर कायद्यात निदान त्या मालमत्तेवरचं कर्ज तरी वजा व्हायचं.

एप्रिल २०२४ मध्ये, रायगडचं मतदान ७ मेला होतं त्याच्या आधी, सॅम पित्रोदा अमेरिकेतल्या वारसा कराबद्दल बोलले आणि देशभर गदारोळ उठला. पंतप्रधानांच्या भाषणातला मंगळसूत्राचा उल्लेख त्याआधीच घरोघरी पोचला होता. काँग्रेसनं ते पित्रोदांचं वैयक्तिक मत म्हणून हात झटकले, भाजपनं तो प्रचाराचा मुद्दा केला, आणि चर्चा तिथेच संपली. माझ्या ऑफिसात बायका विचारायला आल्या, लॉकर रिकामा करायचा का? त्यांच्या पाटल्यांचा या प्रश्नाशी काही संबंध नाही, हे त्यांना कुठल्याच पक्षानं समजावलं नव्हतं.

प्रत्यक्षात जे प्रस्ताव टेबलावर आहेत ते असे आहेत. टोमा पिकेटी, नितीन भारती आदी अभ्यासकांनी मार्च २०२४ मध्ये मांडलं की २०२२-२३ ला देशाच्या संपत्तीतला ४०.१ टक्के वाटा वरच्या १ टक्क्याकडे होता. मे महिन्यात त्यांनी उपाय सुचवला : १० कोटींवरच्या निव्वळ संपत्तीवर वर्षाला २ टक्के आणि तेवढ्याच मर्यादेपुढच्या वारशावर ३३ टक्के. प्रौढांपैकी ०.०४ टक्के लोक यात येतात, म्हणजे दहा हजारांत चार. जीडीपीच्या २.७३ टक्के इतकी रक्कम त्यातून मिळेल असा त्यांचा अंदाज. ब्राझीलकडे जी-२० चं अध्यक्षपद असताना गॅब्रिएल झुकमन यांनी जगातल्या सुमारे ३ हजार अब्जाधीशांवर २ टक्के किमान कर सुचवला. फ्रान्सच्या नॅशनल असेंब्लीनं तसं विधेयक फेब्रुवारी २०२५ मध्ये मंजूर केलं, जूनमध्ये सिनेटनं फेटाळलं, आणि ऑक्टोबरात असेंब्लीनंही ती कल्पना नाकारली.

विरोधकांचा वजनदार आक्षेप पैसा पळण्याचा आहे. नॉर्वेनं २०२२ मध्ये दर वाढवल्यावर तिथले धनिक स्वित्झर्लंडला गेले, हे खरं. मात्र त्या स्वित्झर्लंडमध्येही संपत्ती कर आहे. अमेरिका आपल्या नागरिकाकडून तो कुठेही राहो, कर घेते. देश सोडताना वाढलेल्या किमतीवर कर लावता येतो. आणि किंमत ठरवण्याच्या अडचणीचं म्हणाल, तर प्लॉटचा रेडीरेकनर भाव आणि खरा भाव यांवर मी अधिकाऱ्यांशी वर्षानुवर्षं हुज्जत घातलीय, नोंदणीकृत शेअरच्या भावावर एकदाही घालावी लागली नसती. तो रोज दुपारी साडेतीनला बाजार बंद होताना सगळ्या देशासमोर असतो. खासगी कंपन्यांचं मूल्य काढणं अवघड आहे, ते मान्य. पण अवघड म्हणून सोडायचं असतं तर सोनाराच्या तराजूवर मंगळसूत्रही ठेवायला नको होतं.

सुरुवात करायला नवं खातंसुद्धा लागत नाही. आयकर विवरणात मालमत्ता आणि देणी यांचा तक्ता आजही आहे. ५० लाखांवर उत्पन्न असेल तर तो भरावा लागे, अलीकडे ती मर्यादा १ कोटी केली. त्यात शेअरही लिहायचे असतात, पण खरेदीच्या किमतीला. वीस वर्षांपूर्वी दर्शनी किमतीत घेतलेले संस्थापकाचे शेअर तिथे दर्शनी किमतीतच राहतात. आणि ज्याचं कागदावरचं उत्पन्न मर्यादेखाली, त्याला तो तक्ता लागूच नाही, मालमत्ता कितीही असो. तक्ता उत्पन्नाऐवजी मालमत्तेवर लावायचा, १० कोटींच्या पुढच्यांनाच लावायचा, आणि किंमत ३१ मार्चच्या बाजारभावानं मागायची. एवढी दुरुस्ती येत्या अर्थसंकल्पात होऊ शकते, कर किती लावायचा याचा निर्णय बाकी ठेवूनसुद्धा.